वचनांचा सुकाळ, वाचनाचा दुष्काळ

नाताळची पहाट आता देवळाच्या घंटेआधी भ्रमणध्वनीच्या किणकिणाटाने उजाडते. मध्यरात्रीच्या उपासनेहून परतलेली मंडळी जरा कुठे आडवी होतात, तोच शुभेच्छांचा ओघ सुरू होतो. बहुतेक प्रत्येक शुभेच्छेत पवित्र शास्त्रातील एखादे वचन असते. त्यामागे सूर्योदयाचे किंवा गव्हाणीचे चित्र आणि खाली पाठविणाऱ्याच्या मंडळीचे नाव. ही गोष्ट केवळ सणापुरती राहिलेली नाही. वर्षाचे 365 दिवस सकाळच्या चहाबरोबर एकेक वचन हाती येते, ते क्षणभर वाचले जाते, त्याला हात जोडल्याची खूण केली जाते आणि ते दुसऱ्या चार जणांकडे रवाना होते. ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात बायबलची वचने इतकी मुबलक, इतकी स्वस्त आणि इतकी हाताशी कधीच नव्हती.

इसवी सनापूर्वी आठव्या शतकात मेंढपाळांतून आलेल्या आमोस नावाच्या संदेष्ट्याने इस्राएल लोकांना एका चमत्कारिक दुष्काळाचा इशारा दिला होता. हा दुष्काळ भाकरीचा नव्हे की पाण्याचा नव्हे. परमेश्वराचा शब्द ऐकण्याचा. लोक या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत तो शोधीत भटकतील आणि तो त्यांना सापडणार नाही, असे त्याचे भाकीत होते. आपल्या काळाची गंमत अशी की, शब्द शोधण्यास कोठे भटकावे लागत नाही. तोच आपल्याला शोधीत येतो. तरीही आमोसाने सांगितलेला दुष्काळ पडला आहे की काय, अशी शंका यावी, अशी आजची अवस्था आहे. रोजचे बायबलवाचन कमी झाले, अशी सरसकट ओरड करण्याचा येथे हेतू नाही. ते कमी झाले असेल वा नसेल. ते तुटले आहे, हे मात्र निश्चित. सलग वाचनाची जागा सुट्या वचनाने घेतली आहे, आणि या बदलाचा परिणाम श्रद्धावंताच्या आध्यात्मिक वाढीवर काय होतो, याचा विचार नाताळच्या निमित्ताने करणे अगत्याचे आहे.

बायबल हा एक ग्रंथ नसून ग्रंथालय आहे, हे ख्रिस्तेतर वाचकांच्या माहितीसाठी येथे सांगितले पाहिजे. प्रॉटेस्टंट परंपरेत त्यात 66 पुस्तके आहेत, कॅथलिक परंपरेत 73. त्यांत इतिहास आहे, कायदे आहेत, स्तोत्रे आहेत, पत्रे आहेत, आणि राजाला तोंडावर सुनावणाऱ्या संदेष्ट्यांची भाषणेही आहेत. प्रत्येक वाक्याला कोणी तरी बोलणारा आहे, कोणी तरी ऐकणारा आहे आणि मागेपुढे एक प्रसंग आहे. अध्यायांची आज रूढ असलेली विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभीची, तर नव्या करारातील वचनांचे आजचे क्रमांक 1551 साली रॉबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने घातलेले. म्हणजे लिहिणाऱ्यांनी वचने लिहिली नाहीत. त्यांनी कथा लिहिल्या, पत्रे लिहिली. आपल्या महाराष्ट्रात ज्ञानेश्वरीचे पारायण करणारा वारकरी नवव्या अध्यायातील एक ओवी आज, बाराव्यातील एक उद्या, अशी चाखत बसत नाही; तो पहिल्या अध्यायापासून अठराव्यापर्यंत जातो. पारायण या शब्दातच पलीकडच्या तीरास पोहोचण्याचा अर्थ आहे. ख्रिस्ती परंपरेतील नित्यपाठाची कल्पना याहून फारशी वेगळी नाही.

सुट्या वचनाने नेमके काय हरवते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. यिर्मयाच्या पुस्तकातील एकोणतिसाव्या अध्यायाचे अकरावे वचन आज जगातील अत्यंत लोकप्रिय वचनांपैकी एक आहे. तुमच्याविषयीच्या माझ्या योजना हिताच्या आहेत, अनिष्टाच्या नाहीत, त्यांतून तुम्हांला भविष्य आणि आशा लाभेल, असे परमेश्वर सांगतो, हा त्याचा भावार्थ. परीक्षेला बसणाऱ्या मुलाला, नोकरीच्या मुलाखतीस निघालेल्या तरुणाला, नवविवाहित दांपत्याला हे वचन पाठविले जाते. भिंतीवर टांगले जाते. पण हा मजकूर मुळात आहे तरी कोणता? तो एका पत्रातला आहे. इसवी सनापूर्वी 597 मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेमातील राजघराणे, कारागीर आणि प्रतिष्ठित लोक पकडून नेले, त्या निर्वासितांना यिर्मयाने हे पत्र धाडले. त्यात आधी काय लिहिले आहे? घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा. ज्या परक्या नगरात तुम्हांला नेऊन टाकले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. कारण सुटका होण्यास सत्तर वर्षे लागतील. सत्तर वर्षे! पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना मायभूमीचे दर्शन पुन्हा घडणार नव्हते. हिताची योजना होती ती नातवंडांसाठी.

गोष्ट इथेच संपत नाही. त्याच्या अलीकडचा, म्हणजे अठ्ठाविसावा अध्याय ज्याने वाचला असेल त्याला ठाऊक असते की, त्या वेळी हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगत होता, दोन वर्षांत सारे ठीक होईल, नेलेली पात्रे परत येतील, बंदिवान परत येतील. यिर्मयाच्या मानेवरील लाकडी जू त्याने सर्वांसमक्ष मोडूनही दाखविले. लोकांना ऐकावेसे वाटेल असेच तो बोलत होता. यिर्मया त्याच्या विरोधात उभा होता. तात्पर्य, आज ज्या वचनाचा उपयोग आपण लवकर सारे ठीक होईल हे सांगण्यासाठी करतो, ते वचन लवकर सारे ठीक होईल असे सांगणाऱ्याच्या विरुद्ध लिहिलेले आहे. एकटे अकरावे वचन वाचणारा मनुष्य नकळत यिर्मयाच्या तोंडून हनन्याचे बोलणे ऐकत असतो! दोन अध्याय सलग वाचण्यास फार तर दहा मिनिटे लागतात.

वचन निखळून घेण्याचा धोका नवा नाही, आणि बायबलला तो ठाऊक आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशूची परीक्षा पाहणारा सैतान त्याला मंदिराच्या कळसावर नेतो आणि खाली उडी टाकण्यास सुचवितो. त्यासाठी तो आधार देतो तो एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातील वचनाचा. देवदूत तुला हातांवर झेलतील, या अभिवचनाचा. संरक्षणाचे हे वचन आजही सर्वाधिक वाटले जाणाऱ्या वचनांत आहे. येशूचे उत्तर असे की, आणखीही काही लिहिलेले आहे. त्याची तिन्ही उत्तरे अनुवाद या एकाच पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत; अरण्यातील चाळीस वर्षांची आठवण देणारा तो भाग आहे. स्वतः चाळीस दिवस अरण्यात उपाशी राहिलेल्या येशूने नेमका तोच भाग मनात घोळविला असावा, असे मानण्यास जागा आहे. एकट्या वचनाला शास्त्राच्या ओघाने दिलेले याहून मार्मिक उत्तर आम्हांस दुसरे माहीत नाही.

नाताळच्या वचनांकडे याच दृष्टीने पाहा. शुभेच्छापत्रांवर देवदूतांचे गीत असते, मेंढपाळ असतात, पूर्वेकडील मागी लोक असतात. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात या मागी लोकांच्या पाठोपाठ हेरोदाचे सैनिक बेथलेहेमात शिरतात आणि दोन वर्षांपर्यंतची बालके मारली जातात. येशूचे मायबाप त्याला घेऊन रात्रीच मिसरात पळून जातात. तो भाग कोणी पाठवीत नाही. लूकच्या पहिल्या अध्यायात मरियेचे गीत आहे. त्यात बलवानांना सिंहासनांवरून खाली ओढण्याची, भुकेल्यांना तृप्त करण्याची आणि धनवानांना रिकाम्या हातांनी परत पाठविण्याची भाषा आहे. त्याच्या पहिल्या ओळी आवडीने उद्धृत होतात, पुढच्या क्वचित. आणि मत्तयाचा अगदी पहिला अध्याय, नव्या कराराचे पहिलेच पान, म्हणजे वंशावळ! वंशावळीचे वचन कोण कोणाला पाठविणार? परंतु त्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या नामावळीत पुरुषांच्या रांगेत मरियेपूर्वी चार स्त्रिया उभ्या आहेत. सासऱ्याकडून न्याय मिळत नाही म्हणून वेश पालटून तो मिळविणारी तामार, यरीहोची वेश्या राहाब, परधर्मीय मवाबी कुळातली विधवा रूथ आणि जिचे नावही न देता जिला केवळ उरीयाची बायको म्हटले आहे ती बथशेबा. राजा दाविदाच्या थोर कुळाची ही वंशावळ आपल्या अब्रूवरील डाग लपवीत नाही. जातीची, कुळाची आणि सोयरिकीची चर्चा अद्याप ज्यांच्या घरात थांबलेली नाही, त्या आपल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हे पान दरवर्षी एकदा तरी मोठ्याने वाचावे, असे आम्हांस वाटते. वचन निवडून वाचणाऱ्याला ते कधीच भेटणार नाही.

येथे मर्माची गोष्ट येते. सलग वाचनात आज काय वाचायचे हे आपण ठरवीत नाही. कालच्या अध्यायानंतरचा अध्याय ते ठरवितो. म्हणून तेथे आपल्याला नको असलेला प्रश्नही भेटतो. सुटे वचन येते ते कोणी तरी निवडून; आणि निवडणारा माणूस असो की यंत्र, निवड होते ती आवडण्याजोग्या वचनाची. जे सांत्वन करते ते पुढे जाते, जे जाब विचारते ते मागे राहते. असे वर्षभर चालले की, हळूहळू एक निराळेच छोटे बायबल तयार होते. त्यात सारे सांत्वन असते आणि पश्चात्ताप नसतो. अशा आहारावर श्रद्धा जगते. पण ती वाढते का?

दिवसाला एक वचन ही प्रथा मुळातच वाईट, असे मात्र कोणी समजू नये. तिचा इतिहास आदरणीय आहे. जर्मनीतील हेर्नहूत येथे काउंट त्सिन्झेनडोर्फ याच्या आश्रयास आलेल्या मोरेव्हियन निर्वासितांच्या वसाहतीत 1728 साली रोज एक वचन घरोघर जाऊन सांगण्यास आरंभ झाला, आणि 1731 सालापासून वर्षभराच्या वचनांची पुस्तिका छापली जाऊ लागली. ती आजतागायत दरवर्षी निघते. पण त्यांचे जुन्या करारातील वचन चिठ्ठ्या टाकून काढले जाते. ते कोणाच्या आवडीवर अवलंबून नसते. शिवाय ते ज्यांना मिळे त्यांचा दिवस सामुदायिक उपासनेने, गायनाने आणि शास्त्रपाठाने भरलेला असे. वचन हे त्यांच्या भोजनातले मीठ होते. आपण मिठालाच भोजन समजू लागलो आहो.

या भेदाची जाणीव अत्यंत स्पष्टपणे मांडली ती डीट्रिश बोनहोफर या जर्मन धर्मपंडिताने. नाझी राजवटीच्या काळात फिंकेनवाल्ड येथे त्याने तरुण पाळकांसाठी एक गुरुकुल चालविले. गेस्टापोने ते 1937 साली बंद पाडले. तेथील सहजीवनाच्या अनुभवावर 1939 साली निघालेल्या त्याच्या छोट्या पुस्तकात दैनिक वचनांचे मोल मान्य करून त्याने बजावले की, ती वचने समग्र शास्त्रवाचनाची जागा घेऊ शकत नाहीत. कुटुंबाने रोज जुना आणि नवा करार क्रमाने, मोठ्याने वाचावा. हे लिहिणारा मनुष्य पुढे 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनबुर्ग येथील छळछावणीत फासावर गेला. त्याच्या देशातील चर्चमध्ये त्या वर्षांत वचनांचा तुटवडा नव्हता. सत्ताधीशांना सोयीची वचने निवडून देणारे उपदेशक हवे तेवढे होते, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्या घराकडे वळू. मराठी ख्रिस्ती समाज लहान आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे 10 लाख 80 हजार भरली, म्हणजे शेकडा एकाहूनही किंचित कमी, आणि त्यांतही सर्वांची मातृभाषा मराठी नाही. परंतु या लहान समाजाने शास्त्राच्या वाचनासाठी मराठी भाषेला जे दिले ते लहान नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यातील राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सलग सांगतो. नवख्रिस्ती श्रोत्यांना त्यांच्या पूर्वीच्या पुराणांच्या जागी ऐकण्यास काही हवे होते, त्या मागणीतून तो जन्मला. वचनांचा संग्रह काढून देण्याचा सोपा मार्ग स्टीफन्सना सुचला नसेल असे नाही. त्यांनी पुराण रचले, कारण येथील श्रोत्याला कथेचा ओघ लागतो, हे त्यांनी ओळखले होते. पुढे 1805 साली विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले आणि छापील गद्य बायबलाचा मार्ग मोकळा झाला.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कथा महाराष्ट्राला परिचित आहे. 1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. टिळकांनी तो वाचावयास घेतला, तो कोणत्याही ग्रंथाचा अभ्यासू वाचक घेतो तसा, पहिल्या पानापासून, हाती पेन्सिल घेऊन. मत्तयाच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते थबकले. 1895 च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या सहप्रवाशाने टिळकांना एक सुंदर वचन लिहिलेले कार्ड दिले असते तर काय झाले असते, हा प्रश्न निरर्थक असला तरी मनोरंजक आहे. टिळकांसारख्या कवीने कदाचित त्या कार्डाचे कौतुक केले असते आणि ते कोटाच्या खिशात ठेवून दिले असते.

आणि पंडिता रमाबाई! संस्कृतच्या या विदुषीने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल एकटीने मराठीत आणले. केडगावच्या मुक्तिसदनात आलेल्या दुष्काळग्रस्त, निराधार, नुकतीच अक्षरओळख झालेल्या बायकांना समजेल अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. प्रचलित भाषांतर त्यांना त्या दृष्टीने जड वाटे. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम सदनातल्या स्त्रियांनी केले. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे निधन झाले. ग्रंथ 1924 साली बाहेर पडला. आयुष्याची अखेरची वर्षे रमाबाईंनी ज्या कामी वेचली ते काम निवडक वचनांचे नव्हते, याची नोंद घेतली पाहिजे. एका पोरक्या बाईला सारे शास्त्र तिच्या बोलीत, आरंभापासून शेवटपर्यंत वाचता यावे, हा तो अट्टाहास होता.

या पार्श्वभूमीवर आजची अडचण अधिक बोचते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. 2025 साली पहिलीपासून तिसरी भाषा शिकविण्यावरून महाराष्ट्रात रण माजले आणि 29 जून रोजी सरकारला आपले निर्णय मागे घ्यावे लागले. भाषेविषयीची ही आस्था स्वागतार्ह आहे. पण वसईपासून अहिल्यानगरपर्यंतच्या कित्येक ख्रिस्ती घरांत एक शांत घटना घडत आहे, तिच्याविषयी कोणी मोर्चा काढीत नाही. आजीचे बायबल मराठी आहे आणि नातवाचे इंग्रजी. नातू मराठी बोलतो. मात्र देवनागरीतील जोडाक्षरांशी अडखळत तो मोठ्याने वाचू शकत नाही. आजीला इंग्रजी कळत नाही. पूर्वी रात्रीच्या जेवणानंतर घरातील सारी माणसे गोल बसत आणि अध्यायातील एकेक वचन आळीपाळीने वाचीत. लहान मूल अडले की वडीलधारे शब्द पुरवीत. कित्येकांचे शुद्ध मराठी वाचन याच गोलात घडले. आता घरात बायबले पूर्वीपेक्षा जास्त आहेत, परंतु सर्वांना मिळून वाचता येईल असे एकही नाही. म्हणून प्रत्येक जण आपापल्या भ्रमणध्वनीवर आपापले वचन पाहतो. वाचन तुटण्याचे हे एक फार मोठे कारण आहे, आणि त्याचा दोष केवळ यंत्रावर ढकलता येणार नाही.

जुन्या भाषांतराची मराठी मुलांना कळत नाही, ही सबब आता तितकीशी टिकत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल 2010 साली प्रसिद्ध झाले आणि त्याला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. उस्मानाबादच्या 2020 च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे फादर 25 जुलै 2024 रोजी आपल्यातून गेले. त्यांच्या या ग्रंथाचे खरे स्मारक सभागृहात उभारावयाचे नसून स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत उभारावयाचे आहे. ज्यांना वाचणे कठीण जाते त्यांच्यासाठी श्राव्य बायबलही उपलब्ध आहे. ऐकणे हे वाचनाहून हलके आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. नहेम्याच्या आठव्या अध्यायात बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमच्या चौकात जमतात आणि एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. लेवी लोक फिरून अर्थ समजावून सांगतात. आणि अर्थ कळल्यामुळे लोक रडू लागतात. त्या चौकात पुस्तक एकच होते.

कॅथलिक बांधवांच्या बाबतीत तर सलग वाचनाची व्यवस्था सिद्धच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 18 नोव्हेंबर 1965 रोजीच्या दस्तऐवजात पवित्र शास्त्र सर्व श्रद्धावंतांना सुलभ झाले पाहिजे असे सांगितले. तोवर आपल्याकडील कॅथलिक घरांत संध्याकाळची जपमाळ नियमाने होई, पण स्वतः बायबल उघडण्याची सवय क्वचितच असे. 1969 सालच्या सुधारित पाठक्रमाने रविवारांसाठी तीन वर्षांचे आणि इतर दिवसांसाठी दोन वर्षांचे आवर्तन घालून दिले. सामान्य काळातील आठवड्याच्या दिवशी आधी मार्क, मग मत्तय, मग लूक असा क्रम त्यात चालतो. मिस्सेला जाणे ज्यांना रोज जमत नाही त्यांनी त्या दिवसाचा पाठ घरी वाचला, तरी ते जगभरातील मंडळीबरोबर एकाच पानावर असतात. पोप फ्रान्सिस यांनी 2019 साली जानेवारीतील एक रविवार देवाच्या शब्दाचा रविवार म्हणून घोषित केला, तो आता दरवर्षी पाळला जातो. मात्र एका रविवारी बायबलची मिरवणूक काढून उरलेल्या दिवसांत ते फडताळात ठेवण्याची आपली हातोटी काही नवी नाही.

येथे व्यवहाराचा प्रश्न येतो. पहाटे पाचला डबे भरून लोकल गाठणाऱ्या स्त्रीला, रात्रपाळी करून परतणाऱ्या कामगाराला सलग वाचन कसे जमावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देताना अतिउत्साही मंडळी वर्षात संपूर्ण बायबल वाचण्याचा तक्ता हाती देतात. हिशेब पाहा: 1189 अध्याय, म्हणजे दिवसाला सव्वातीन. उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40 अध्याय उत्साहात पार पडतात. जानेवारीच्या अखेरीस लेवीय हे पुस्तक लागते, त्यातील होमबलींच्या आणि चर्मरोगांच्या नियमांत वाचक अडकतो, दोन दिवस चुकतात, आठ दिवसांची थकबाकी साठते आणि तक्ता गुंडाळला जातो. डंडीचा तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन याने 1842 साली असा तक्ता तयार केला; तो आजही जगभर वापरला जातो. पण त्याने स्वतःच त्यासोबत धोके नमूद करून ठेवले होते: वाचन नुसता उपचार होईल, वाचणाऱ्याला स्वतःच्या धार्मिकतेचा गर्व चढेल, घाईने वाचले जाईल, काहींना ते ओझे होईल. तक्ते वाटणारे लोक हा भाग छापीत नाहीत. नव्या कराराचे एकंदर अध्याय 260 आहेत. आठवड्याचे पाच दिवस एकेक अध्याय घेतला, तर 52 आठवड्यांत तो पूर्ण होतो आणि शनिवार-रविवार चुकलेले भरून काढण्यास उरतात. दहा मिनिटांचे हे काम आहे. अरण्यात मान्ना गोळा करणाऱ्यांना दिवसापुरताच गोळा करण्याची आज्ञा होती. अधिक साठविला की त्यात किडे पडत.

वाचनानंतर मनन. बाराव्या शतकातील गीगो या कार्थूसी मठाधिपतीने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या सांगताना घास तोंडात घेण्याची, तो चावण्याची आणि त्याची गोडी लागण्याची उपमा वापरली. मठवासी मननाला रवंथ म्हणत. शेतकऱ्यांच्या महाराष्ट्राला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. रवंथ करण्यासाठी गाय आधी चरलेली असावी लागते, एवढेच. आजचे मनन पुष्कळदा या वचनातून मला काय मिळाले, या प्रश्नापाशी थांबते. अध्याय सलग वाचणाऱ्याला त्याआधी दुसरे प्रश्न पडतात. हे कोण कोणाला सांगत आहे? ऐकणाऱ्याने ते ऐकून काय केले? ऐकणारा मी असतो तर मला राग आला असता का? ज्या दिवशी असा राग येतो, त्या दिवशीचे वाचन फुकट गेले नाही, असे समजण्यास हरकत नसावी.

काही ख्रिस्ती कुटुंबांत 1 डिसेंबरपासून लूकचे शुभवर्तमान रोज एक अध्याय याप्रमाणे वाचतात. त्याचे अध्याय 24 आहेत. पाळणा आणि मेंढपाळ 2 तारखेसच येऊन जातात. मग उधळ्या पुत्राची कथा, जक्कय, वधस्तंभ. घरात करंज्या-अनारशांचा वास भरलेला असतो त्या 24 डिसेंबरच्या संध्याकाळी वाट्याला येते ती रिकामी कबर आणि अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोन खिन्न प्रवासी, ज्यांना सोबतचा अनोळखी मनुष्य मोशेपासून सर्व संदेष्ट्यांपर्यंतचे शास्त्र चालता चालता उलगडून सांगतो. ज्यांची यंदा ही संधी हुकली त्यांच्यासाठी मार्क आहे. त्याचे अध्याय 16. उद्या, 26 डिसेंबरला आरंभ केला तर 10 जानेवारीस तो पुरा होतो. त्यात नाताळ मात्र नाही. गव्हाण नाही, तारा नाही, मागी नाहीत. पहिल्याच पानावर प्रौढ येशू नासरेथहून चालत येतो आणि यार्देनच्या पाण्यात उतरतो.